लिलावात निघालेलं गाणं

पपांनी गावरान कोंबडा पायांना धरून डोक्याच्या वर उचलला आणि विचारलं, “मंडळी, या जीवाचं काय द्याल?”

कोंबडा वेदीकडे मान करून इतक्या कळवळून ओरडला, की मागच्या बाकावरची कुणीतरी म्हातारी चुकून “आमेन” म्हणाली. चर्चभर हशा पिकला. पपाही हसले. वर्षातून या एकाच दिवशी ते वेदीपुढे उभं राहून हसत.

हंगामाचा सण होता. एकोणीसशे अडुसष्टचा नोव्हेंबर. नगरपासून बसने तासाभरावर आमचं करंजवडी. तिथल्या मिशन कंपाऊंडमधल्या दगडी चर्चमध्ये त्या दिवशी ज्याच्या शेतात, परसात, खुराड्यात जे असेल ते तो घेऊन यायचा. बाजरी, भोपळे, अंडी, कुणी विणलेली टोपी. उपासना झाली की त्याच वस्तूंचा लिलाव व्हायचा आणि आलेला पैसा देवाच्या कामाला जायचा. देवाचं काम म्हणजे बहुतेक वेळा गळकं छप्पर. माझे वडील, रेव्हरंड दाविद भाकरे, त्या चर्चचे पाळक होते. प्रवचन ते बेताचंच देत. लिलाव मात्र असा करत की मोंढ्यातल्या अडत्यांनी येऊन शिकावं. मी त्यांचा धाकटा मुलगा, अमोस. बाजूला पेटी वाजवायला बसलो होतो.

पण त्या वर्षी लोकांचं लक्ष कोंबड्यात नव्हतं. बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर माझी थोरली बहीण सुवार्ता बसली होती. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, मांडीवर रिकामे हात. लिलाव संपला की तिने पुढे येऊन सगळ्या मंडळीसमोर माफी मागायची, असं चर्चच्या पंच कमिटीने ठरवलं होतं.

माफी कशाची? तर गाण्याची.

आता हे मुळापासून सांगायला हवं.

अक्काचा जन्म झाला तेव्हा पपा प्रवचन देत होते. कुणीतरी खिडकीतून हात हलवून ‘मुलगी’ असं ओठांनी सांगितलं. त्या दिवशीचा विषय होता शुभवर्तमान, म्हणून पोरीचं नाव सुवार्ता. जन्मतःच एवढं मोठं ओझं डोक्यावर आल्यामुळे असेल, ती लहानपणापासून खणखणीत आवाजात बोलायची. चर्चच्या गायकगटात तिला सगळ्यात मागे उभं करत. पुढे उभी राहिली तर बाकीचे ऐकूच यायचे नाहीत.

ती अठरा वर्षांची असताना आमच्या गावात डॉरिस आली. अमेरिकेतून. तिच्या सरकारने तिला आम्हाला कोंबड्या पाळायला शिकवण्यासाठी पाठवलं होतं. आमच्या गावाने पाहिलेली पहिली काळी अमेरिकन बाई. आईने तिला पहिल्याच दिवशी विचारलं, “तू नक्की अमेरिकेची? की मिशनने आम्हाला फसवलंय?” डॉरिसला मराठी येत नव्हती, ती प्रेमाने हसली आणि आईच्या हातची भाकरी खायला बसली. ती दोन वर्षं राहिली. तिच्या पांढऱ्या कोंबड्या पहिल्या पावसाळ्यातच रोगाने मेल्या. तिचा रेकॉर्ड प्लेअर मात्र ठणठणीत होता.

त्या गाण्यांना ‘रिदम अँड ब्लूज’ म्हणतात, हे डॉरिसने सांगितलं. अक्का तिच्या खोलीत दुपारभर बसून ऐकायची. एकदा ती म्हणाली, “डॉरिस, हे तर आपल्या चर्चमधल्यासारखंच वाटतं.”

“चर्चमधलंच आहे,” डॉरिस म्हणाली. “फक्त ‘प्रभू’ काढायचं आणि तिथे ‘बेबी’ घालायचं.”

मग तिने अक्काला आमच्या उपासनेतलं एक गीत म्हणायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, “आवाज मोठा आहे तुझा. पण तू गाताना ना, प्रत्येक ओळीला परवानगी मागतेस.”

ही परवानगी मागायची सवय जायला दोन वर्षं लागली. डॉरिस परत गेली तेव्हा प्लेअर आणि रेकॉर्डी अक्काला देऊन गेली. पपांना वाटलं, त्यात अमेरिकन भक्तिगीतं आहेत. ते तसं फार चुकीचंही नव्हतं.

नंतर अक्काला मुंबईत टायपिस्टची नोकरी लागली. एकटी मुलगी मुंबईत नको म्हणून पपांनी मला राखणीला पाठवलं. तीन महिन्यांत मी तिच्या मागे बसून पियानो वाजवत होतो. राखण जवळूनच चालली होती, तक्रारीला जागा नव्हती.

तिला हेरलं एल्विन कुटिन्होने. हा गोव्याचा, ट्रम्पेट वाजवणारा, चर्चगेटच्या ‘सिल्व्हर लिली’ नावाच्या हॉटेलात त्याचा बँड होता. भायखळ्याच्या एका ख्रिसमसच्या कार्यक्रमात त्याने तिला ऐकलं आणि स्टेजच्या मागे येऊन विचारलं, “नाव काय?”

“सुवार्ता भाकरे.”

एल्विनने डोळे मिटले. “पोस्टरवर हे कोण वाचणार? मध्ये तोडू.” आणि तोडलं. पुढच्या महिन्यात सिल्व्हर लिलीच्या दारात इंग्रजी पाटी लागली: मिस सू वॉर्टा. खाली बारीक अक्षरांत, ‘थेट शिकागोहून’.

“मी शिकागो पाहिलेलं नाही,” अक्का म्हणाली.

“पब्लिकने पण नाही,” एल्विन म्हणाला.

दारूबंदी होती, त्यामुळे सिल्व्हर लिलीतलं सगळं पाप कोल्ड कॉफीवर चालायचं. अक्काचा कार्यक्रम रविवारी सकाळी अकरा ते एक. गावी पपा मंडळीला उभं राहायला सांगत, बरोबर त्याच वेळी अक्का इथे निळा चमचमता झगा घालून लोकांना उभं करायची. कॉलेजची पोरं, पारशी म्हातारे, मारवाड्यांच्या सुना, सगळे. दोन गाण्यांच्या मध्ये ती एक शब्द बोलायची नाही. बोलली असती तर शिकागोचं नगर झालं असतं. पण गायला लागली की मला पेटीवरून ओळखीची असलेली माझी बहीण नाहीशी व्हायची. खालच्या सुरात ती असं काही पकडायची, की पुढच्या टेबलावरचा माणूस चमचा कपात तसाच धरून बसायचा. तीन वर्षं हे चाललं. वर्तमानपत्रात तिचा फोटो यायला लागला. कलकत्त्याला, बंगलोरला बोलावणी आली.

आणि मग त्या ऑक्टोबरात एकाच आठवड्यात दोन गोष्टी झाल्या.

पहिली, बैरूतच्या एका मोठ्या हॉटेलाने एल्विनचा बँड दोन वर्षांसाठी मागितला. अट एकच, गाणारी बाई हवी.

दुसरी, दादरला राहणाऱ्या एका जावयाने वर्तमानपत्रातली जाहिरात पाहिली आणि फोटोतली शिकागोची बाई ओळखली. हा जावई रणनवरे सरांचा.

रणनवरे सर म्हणजे मिशन शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि पंच कमिटीचे प्रमुख. मलाही त्यांनीच शिकवलं. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त सगळं शिस्तीत लागायचं, देवसुद्धा. आम्ही दोघं बैरूतचं सांगायला घरी गेलो, तर सर आमच्या आधीच येऊन ओसरीवर बसलेले. सोबत आणखी दोन पंच. समोर पपा.

“पाळकसाहेब,” सर म्हणत होते, “मुलगी गाते, गाऊ दे. पण हॉटेलात? रविवारी? ऐन उपासनेच्या वेळेला? आणि वर खोटं नाव!”

“नाव खरंच आहे,” अक्का दारातून म्हणाली. “फक्त मध्ये जागा सोडलीय.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते पपांना म्हणाले, “हंगामाच्या सणाला सगळी मंडळी येते. त्या दिवशी तिने माफी मागावी आणि यापुढे बाहेर गाणार नाही असा शब्द द्यावा. नाहीतर कमिटीला तुमच्याबद्दल विचार करावा लागेल. घर मंडळीचं आहे.”

घर म्हणजे आम्ही राहत होतो तो पाळकाचा बंगला. पपांना निवृत्त व्हायला चार वर्षं बाकी होती आणि दुसरं छप्पर आम्हाला नव्हतं. पपा म्हणाले, “चहा घ्या.”

सर गेल्यावर अक्काने बैरूतचं सांगितलं. आईने डोळ्यांना पदर लावला. “कुठे आलं हे बैरूत?”

“लेबनॉनमध्ये.”

“म्हणजे लबानोन?” आईने पदर खाली घेतला. “गंधसरूंचं लबानोन? शास्त्रातलं?”

“शलमोनाने मंदिराचं लाकूड तिथूनच आणलं,” पपा म्हणाले.

“अगं मग आधी सांगायचं ना! मला वाटलं, कुठे परदेशात चाललीस.”

जेवणं झाल्यावर अक्का पपांच्या समोर जाऊन बसली. “पपा, मी माफी मागू का?”

“तुझं वय काय?”

“चोवीस.”

“मग मला कशाला विचारतेस?” पपांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि भोपळे मोजायला चर्चमध्ये गेले. मला त्यांचा राग आला. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. माणसाने निदान ओरडावं तरी.

तर असा तो रविवार उजाडला होता. कोंबडा गेला. अंडी गेली. एक बोकड इतका हट्टी निघाला, की घेणाऱ्याने तो पुन्हा चर्चला अर्पण केला आणि पपांना तो दुसऱ्यांदा विकावा लागला. टेबल हळूहळू रिकामं झालं. सर पहिल्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. त्यांनी पपांकडे पाहून मान हलवली. आता होऊन जाऊ दे, अशा अर्थाने.

अक्का उठली आणि टेबलाजवळ आली. पपांनी तिला विचारलं, अगदी प्रत्येकाला विचारत होते त्याच आवाजात, “काय आणलंस?”

“गाणं.”

“किती?”

“एक. घेणारा सांगेल ते.”

सर ताडकन उठले. “पाळकसाहेब! लिलाव जिनसांचा असतो.”

“सर,” पपा म्हणाले, “गेल्या वर्षी तुम्ही शाळेच्या पोरांची एक दिवसाची मेहनत लिलावात ठेवली होती. ती कुठल्या पोत्यात भरून आणली होती?” आणि मंडळीकडे वळले. “एक गाणं. ताजं आहे. बोला.”

मग मागून नागू आढाव उठला. हा मिशन हॉस्पिटलची जीप चालवायचा. खरं नाव अबेदनगो, पण एवढं नाव घेईपर्यंत पेशंट दगावेल म्हणून सगळे नागू म्हणायचे. त्याने पाच रुपयांची बोली लावली आणि वर सांगून टाकलं, “मुंबईचं पाहिजे!”

“दहा,” सर म्हणाले.

लोकांनी वळून पाहिलं. रणनवरे सर आणि गाण्याला बोली? नागू पंधरावर गेला. सर वीसवर. नागूच्या मदतीला कंपाऊंडमधली तरुण मंडळी आली, कुणी खिसा उलटा केला, कुणी बायकोकडे पाहिलं. बोली त्या दिवशीच्या सगळ्या कोंबड्यांच्या पुढे गेली, मग बोकडाच्या पुढे. पपांना चेव चढला होता. “इकडून काही? तिकडून काही? अहो, भोपळा दोन दिवसांत संपेल, गाणं नाही संपायचं!” सरांच्या कपाळावर घाम होता, पण ते हटेनात. शेवटी नागूने हात वर केले.

“एक वार. दोन वार. तीन वार,” पपांनी टेबलावरची घंटा वाजवली. “रणनवरे सरांना. कोणतं गाणं हवं, सर?”

सर सावकाश उभे राहिले. “गाणं माझं झालं ना?”

“तुमचं झालं.”

“मग माझी इच्छा अशी की ते गायलं जाऊ नये.”

नागू काहीतरी पुटपुटला, ते चर्चमध्ये म्हणण्यासारखं नव्हतं. मी पपांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा हिशेब बरोबर आलेल्या दुकानदारासारखा होता, म्हणजे त्यावर काहीच दिसत नव्हतं.

“ठीक आहे,” पपा म्हणाले. “एक गाणं, न गायलेलं, रणनवरे सरांना.”

“आता माफी,” सर म्हणाले.

अक्काने पदर खांद्यावर घेतला. “हो सर. तुमचं गाणं तुमच्याजवळ राहील. ते मी कधी गाणार नाही, शब्द देते. आता हे दुसरं. हे फुकट आहे.”

“असं कसं? मी विकत घेतलंय!”

पपांनी रिकाम्या टेबलाकडे वाकून पाहिलं, जणू काही राहिलंय का बघतायत. मग म्हणाले, “एकच नग होता, सर.”

हशाचा असा लोंढा उसळला की सर खालीच बसले. त्या गडबडीत अक्का माझ्याकडे वळली. “काळी चार दे. आणि चर्चसारखं सरळ वाजवू नकोस.”

सिल्व्हर लिलीत ती एक गाणं म्हणायची. दिवसभर काम करून घरी चालत निघालेल्या बाईचं. मी सुरुवातीचे सूर धरले तेव्हा मला वाटलं, ही आता इंग्रजीत गाणार आणि आमचा बाडबिस्तरा आजच रस्त्यावर येणार. तिने डोळे मिटले आणि मराठीत सुरू केलं. तिथल्या तिथे केलेलं.

घर अजून लांब आहे, प्रभू,
वहाण तुटली, वहाण तुटली.
कुणी थांबून विचारेना, प्रभू,
कुठे चालली, कुठे चालली.

चाल तीच. खालून उचलायची, वर नेऊन अर्ध्यात मोडायची, तीही तशीच. फक्त ‘बेबी’ काढून तिथे ‘प्रभू’ परत ठेवला होता. पहिल्या वेळेला सगळे नुसते बघत राहिले. दुसऱ्या वेळेला ती ‘वहाण तुटली’वर आली आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “तुटली गं बाई, तुटली!”

ती रूथमावशी होती. आमची बायबलबाई. आख्खा जन्म खेडोपाडी अनवाणी फिरून तिने बायकांना शास्त्र वाचून दाखवलं होतं. चर्चमध्ये ती आजवर मोठ्याने खोकलीसुद्धा नव्हती. अक्काने डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि पुढची ओळ सरळ तिलाच म्हटली. मावशीने उत्तर दिलं. मग तिच्या शेजारणीने. मग त्या आख्ख्या बाकाने. आमची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या मात्रेवर टाळी देत आलेली. ती टाळी हळूच सरकली आणि दुसरीवर पडायला लागली. नागू उभा राहिला. पेटीचा भाता मी इतका हाणत होतो की त्यातून धूळ उडत होती. आणि रणनवरे सरांच्या शेजारच्या रांगेत, पलीकडे, त्यांच्या बाईंचा पाय, फक्त पाय, वरच्या भागाला काही माहीत नसल्यासारखा, ताल धरून हलत होता.

गाणं संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चर्चमध्ये वाजवत नसत. रूथमावशी नाक शिंकरत होती.

“माझं जे काही चुकलं असेल,” अक्का म्हणाली, “ते एवढंच आहे. तुम्ही ऐकलंत.” आणि ती जागेवर जाऊन बसली.

पपांनी हात वर करून आशीर्वाद दिला. नेहमीच्याच आवाजात, नेहमीच्याच घाईत.

कमिटीची बैठक चहासुद्धा न घेता तिथेच बसली. तासाभरात एक पंच येऊन सांगून गेला: ख्रिसमसच्या आधी बंगला मोकळा करावा. पपा “बरं” म्हणाले. आई रडली, मग उठून भांड्यांची बांधाबांध करायला लागली. अक्का म्हणाली, “मी नाही जात बैरूतला. मी उद्याच सरांकडे जाते.”

“कशाला?” पपा म्हणाले. “त्यांना आता एक गाणं सांभाळायचंय. अजून त्रास देऊ नकोस.”

पुढचं सगळं आताच सांगून टाकतो. आई-पपांनी नगरला दोन खोल्या घेतल्या. पपा लोकांच्या मुलांना इंग्रजी शिकवायला लागले. अक्का बैरूतला गेली ती दोनाची सात वर्षं राहिली. तिथे तिने चार भाषांत गायलं आणि एका ग्रीक माणसाशी लग्न केलं. दीड वर्षाने ते मोडलं. “सुरात होता, तालात नव्हता,” एवढंच ती त्याच्याबद्दल सांगते. मग तिथे लढाई सुरू झाली, बँड तेहरानला गेला, तिथे राज्य उलथलं. मुंबईला परत आली तोवर डिस्को आलेला आणि सिल्व्हर लिलीच्या जागी साड्यांचं दुकान. बारा वर्षं तिने रेडिओवरच्या जाहिराती गायल्या. तुम्ही त्या काळात खोबरेल तेल लावून शाळेत गेला असाल तर माझी बहीण तुम्ही ऐकलेली आहे. आता ऐंशीची आहे, पुण्यात माझ्याच बिल्डिंगमध्ये राहते, गुडघे दोन्ही बदललेत, आणि लिफ्ट बंद पडली की तिच्या तोंडून जे निघतं त्याला कुठलीही भाषा पुरत नाही. पपा एकाहत्तर साली गेले. छातीत दुखलं आणि गेले. अक्काला येता आलं नाही. म्हणजे लिलावाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, फाट्यावर झाली ती त्यांची शेवटची भेट.

त्या सोमवारी सकाळी पपा तिची ट्रंक सायकलच्या कॅरिअरवर बांधून फाट्यापर्यंत आले. मी बरोबर होतो. बसला वेळ होता. रस्त्याच्या कडेला एक मेंढपाळ मेंढरं हाकत होता, बाकी कुणी नाही. पपांनी ट्रंक उतरवली, तिच्यावर बसले आणि एकदम म्हणाले, “मी ऐकलं होतं तुला.”

“काल?” अक्का म्हणाली.

“जूनमध्ये. चर्चगेटला.”

अक्का त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“वॉचमनने आत सोडलं नाही. म्हणाला, टायशिवाय प्रवेश नाही. माझ्या गळ्यात पाळकाची कॉलर होती. मी म्हटलं, बाबा रे, ही त्याच्याहून घट्ट असते. तरी नाही म्हणाला. मग बाहेरूनच ऐकलं, काचेजवळ उभं राहून.”

“पण पपा,” मी म्हटलं, “तिचं गाणं रविवारी सकाळी असतं. तुम्ही तर इथे उपासना...”

“उपासना त्या दिवशी रणनवरे सरांनी घेतली. मी पाळकांच्या सिनडच्या मीटिंगला गेलो होतो.”

“जूनमध्ये सिनडची मीटिंग असते?”

“नसते,” पपा म्हणाले.

माझ्या वडिलांना मी जन्मभर ओळखत होतो. ते खोटं बोलू शकतात, ही मला त्या फाट्यावर मिळालेली बातमी होती.

“तुम्हाला कसं कळलं?” अक्काने विचारलं.

“तू सुट्टीत घरी आलीस की भांडी घासताना गातेस. डॉरिसच्या खोलीतून येणारी गाणी. टायपिस्टचा आवाज असा तापलेला नसतो. मग पेपरातला फोटो पाहिला.” त्यांनी धूळ नसलेला गुडघा झटकला. “आवाज चांगला लागतो तुझा. इंग्रजी उच्चार सुधार.”

अक्का हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने तोंड मेंढरांकडे वळवलं.

“एक राहिलं,” पपा म्हणाले. “तीन गाणी ऐकली मी. तिसरं अर्धंच. त्यात ती एक बाई होती, हातात बॅग घेऊन दारात उभी. मागे घरात दिवा लागलेला. आत तिचे लोक. तेवढ्यात कुणाची तरी मोटार आली आणि वॉचमनने मला हटवलं. पुढे काय होतं?”

“जूनपासून तुम्ही हे...”

“मग विचारणार कुणाला? तुझ्या आईला?”

नगरची बस वळणावर दिसली. धूळ उडवत आली आणि थांबली. मी ट्रंक टपावर चढवली. अक्का पायरीवर चढली, पण आत गेली नाही. दांडा धरून तिथेच वळली आणि पपांकडे बघत ते शेवटचं कडवं इंग्रजीतच म्हणायला लागली. झगा नाही, पियानो नाही. हळू आवाजात, समोरच्या एकाच माणसापुरतं. पपांनी प्रार्थनेला घालतात तशी मान खाली घातली. प्रत्येक ‘बेबी’ला ते किंचित मान हलवत होते. खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

“बाई,” कंडक्टर म्हणाला, “गाणं म्हणायचंय की नगरला जायचंय?”

“दोन्ही,” अक्का म्हणाली आणि पुन्हा सूर धरला.

ड्रायव्हरने कंटाळून गाडी सुरू केली. शेवटची ओळ इंजिनाच्या आवाजात बुडाली. पपांनी मान वर केली आणि पुढे होऊन, कानामागे हात धरून विचारलं, “गेली का ती?”

“गेली, पपा.”

“दिवा तसाच ठेवून?”

“तसाच ठेवून.”

“बरं केलं,” पपा म्हणाले, आणि बसच्या पत्र्यावर त्यांनी स्वतःच दोन थापा मारल्या.